बाथरूममध्ये ग्रॅब बार कुठे लावायचे: आधी आईचा हात बघा, मग भिंत, मग दुकान

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की आई 74 वर्षांच्या, उंची चार फूट दहा इंच, दोन्ही गुडघे झिजलेत पण ऑपरेशन नको म्हणतात, गेल्या महिन्यात बाथरूमच्या दारातच पाय घसरला, नशिबाने फ्रॅक्चर नाही. आता तुम्ही ऑनलाईन सक्शनवाले दोन हँडल मागवलेत आणि विचारताय की हे चालतील का, की ड्रिल मारून स्टीलचे पक्के ग्रॅब बार (भिंतीवर लावायचे, धरून उठाबसायचे दांडे) बसवू, बसवायचे तर नेटवर म्हणतात तसे जमिनीपासून 33 ते 36 इंचावर का, आणि प्लंबर म्हणतोय टाईल फुटेल, खालच्या फ्लॅटमध्ये गळती होईल, तर त्यात किती तथ्य. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारी-वयस्कर माणसांना रोजची कामं स्वतः करता यावीत म्हणून मदत करणारी, पुण्यात पेशंटच्या घरी जाऊन बाथरूम-टॉयलेट बघणं हे माझं रोजचंच काम, त्यामुळे जरा लांबलचक लिहिते, चहा घेऊन बसा.

सक्शनवाले आधी निकालात काढू. परत पाठवता येत असतील तर पाठवा. ते हँडल फक्त हवेच्या पोकळीवर धरून राहतं, त्याला खाली एकदम गुळगुळीत, चकचकीत, सांधा नसलेली टाईल लागते. आपल्याकडे बाथरूमच्या टाईल्स बऱ्याचदा मॅट असतात, नाहीतर नक्षीच्या, वर बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग आणि साबणाचा थर, मग हवा हळूहळू आत शिरते आणि बाहेरून काहीच कळत नाही. सकाळी दाबून बघितलं तर घट्ट, आणि दुपारी आई पूर्ण भार टाकून उठायला गेल्या की हातात. काहींना हिरवी-लाल खूण असते, त्यावरही फार विसंबू नका. प्रवासात, हॉटेलात, नुसता तोल सावरायला बोटं टेकवण्यापुरतं ठीक, तेही दर वेळी नव्याने दाबून. पण ज्यांचे गुडघे दुखतात त्या माणसाने बोटं टेकवून भागत नाही, ते अख्खं शरीर हातावर ओढतात. आणि आधार आहे असं वाटून माणूस निर्धास्त होतो, म्हणून मी तर म्हणते की भिंतीवर काही नसलं तरी चालेल पण हे नको. टॉवेल रॉडचंही तेच, तो टॉवेलसाठीच केलेला असतो, आतला ब्रॅकेट ठिसूळ आणि स्क्रू बोटाच्या पेराएवढे.

आता जागा. इथे सगळे एकच उलटा क्रम लावतात, आधी बार विकत आणतात, मग भिंतीवर मोकळी जागा दिसेल तिथे प्लंबर तो ठोकून जातो. तुम्ही आधी आईंना बघा. बाथरूम कोरडी असताना, अंगावर नेहमीचे कपडे असताना, त्यांना सगळं एकदा करायला लावा: दारातून आत येणं, कमोडवर बसणं, उठणं, वळणं, आंघोळीच्या जागी जाऊन बसणं, परत उठणं, बाहेर पडणं. मधे बोलू नका, सुचवू नका, फक्त हात कुठे कुठे जातो ते बघा (पडतील असं वाटलं तर धरायला जवळ उभे रहा म्हणजे झालं). हात नळावर जाईल, जेटच्या हुकवर, फ्लशच्या टाकीवर, दाराच्या कडीवर, बेसिनच्या काठावर, कधी कधी तर भरलेल्या बादलीच्या काठावर पण. जिथे जिथे हात गेला तिथे टिकली चिकटवा. खरंच, आईंच्याच पाकिटातली, टाईलवर मस्त चिकटते आणि बहुतेक घरात आरशाच्या कडेला दोन-चार आधीच लावलेल्या असतात. असं दोन-तीन दिवस करा, सकाळी एकदा आणि रात्री एकदा, कारण सकाळी गुडघे आखडलेले असतात तेव्हा हात वेगळ्याच ठिकाणी जातो. मग ज्या भागात टिकल्यांची गर्दी झाली तिथे बार हवा. नळावर टिकल्या असतील तर बार नळाच्या शेजारी हवा, समोरच्या मोकळ्या भिंतीवर नाही.

कमोडचं जरा सविस्तर सांगते, कारण बसण्यापेक्षा उठणं अवघड असतं आणि बार नेमका तिथेच चुकतो. खुर्चीवरून उठताना आपण काय करतो ते स्वतः करून बघा, पाय मागे घेतो, अंग पुढे झुकवतो, नाक पायाच्या बोटांच्या वर येतं आणि मग ढुंगण उचललं जातं. म्हणजे ओढायचा आधार पुढे पाहिजे. बार जर बरोबर कमरेच्या शेजारी किंवा त्याहून मागे लावला तर माणूस त्याला धरून मागेच खेचला जातो, अर्धवट उठतो आणि धप्पकन परत बसतो. म्हणून मी बहुतेक ठिकाणी एल आकाराचा सुचवते किंवा दोन सरळ बार तसे लावते: आडवा भाग सीटच्या शेजारून पुढे जाणारा, तळहाताने खाली दाबायला, आणि उभा भाग सीटच्या पुढच्या कडेपासून आठ-दहा इंच पुढे, धरून वर यायला आणि उभं राहिल्यावर दोन मिनिटं थांबायला. हे थांबणं महत्त्वाचं आहे हां, रात्री झोपेतून उठून गेल्यावर, बीपीच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या चालू असताना, उभं राहिल्याबरोबर बीपी पडून डोळ्यापुढे अंधारी येते, तेव्हा हातात काहीतरी असायला हवं. तिरका बार काही जण लावतात, मला तो फारसा आवडत नाही, ओला हात त्यावरून घसरत खाली येतो.

उंची. नेटवरचे 33 ते 36 इंच कुठून आले तर अमेरिकेच्या एडीए नियमांतून, अपंगांच्या हक्कांचा 1990 चा कायदा आहे तो, आणि ते माप सार्वजनिक टॉयलेटसाठी आहे, जिथे सीट 17 ते 19 इंचावर असते आणि व्हीलचेअरवरून शेजारून सरकून बसणारा माणूसही धरलेला असतो. ब्रिटनच्या नियमात कमोडशेजारचा आडवा बार 680 मिलिमीटरवर म्हणजे जेमतेम 27 इंचावर सांगितलाय, सीट 480 वर. दोन देश, दोन आकडे, आणि दोन्हीपैकी कुणीच तुमच्या आईंना बघून ठरवलेलं नाही. आपल्याकडचा साधा कमोड सीटसकट साधारण 16 इंच भरतो. चार फूट दहा इंच उंचीच्या बाईने त्यावर बसून 35 इंचावरचा बार धरायचा म्हणजे हात जवळजवळ खांद्याच्या उंचीवर जातो, दाबता येतच नाही, नुसतं लोंबकळायचं. मी सीटपासून मोजते, जमिनीपासून नाही. सीटच्या वर आठ ते दहा इंच, म्हणजे जमिनीपासून 24 ते 26 च्या आसपास आडवा बार, आणि खरी चाचणी अशी की बसल्यावर हात त्यावर ठेवला तर कोपर थोडं वाकलेलं राहिलं पाहिजे, खांदा वर उचलला जाता कामा नये. उभा बार तिथूनच सुरू होऊन उभं राहिल्यावर खांद्याच्या उंचीपर्यंत, त्यांच्यासाठी 45 इंचापर्यंत पुरे. आणि सीटच जर फार खाली असेल तर आधी सीट उंच करा, रेझर सीट, म्हणजे कमोडवर बसवून उंची वाढवणारी जादा सीट, मेडिकल दुकानात मिळते, घट्ट क्लॅम्पवाली घ्या, नुसती वर ठेवायची घेऊ नका. दोन-तीन इंचांनी गुडघ्याला जो फरक पडतो तो कुठल्याच बारने पडत नाही.

कुठली बाजू, उजवी की डावी, हे परदेशी चित्रांमधून कळणारच नाही, कारण तिथे धुणं नाही, कागद आहे. आपल्याकडे जेट उजव्या हातात, डावा हात धुवायला, म्हणजे उठायच्या वेळी डावा हात ओला, कधी साबणाचा, आणि उजवा त्यातल्या त्यात कोरडा. म्हणून पकडायचा मुख्य बार उजव्या बाजूला असेल तर सोनं. अडचण एवढीच की जेटचा हुक पण त्याच भिंतीवर, बरोबर बारच्या जागी. हुक हलवा, बार नाही. हुक सहा इंच मागे किंवा खाली घेणं हे दहा मिनिटांचं काम आहे, पाईप लवचिकच असतो. अर्थात कुणाला पॅरालिसिसचा झटका येऊन गेला असेल तर हा सगळा हिशोब बाजूला, मग ज्या बाजूला ताकद आहे त्याच बाजूला बार, आणि त्या बाजूला भिंतच नसेल तर मागच्या भिंतीतून निघणारा, वर उचलून ठेवता येणारा फोल्डिंग बार. तुमच्याकडेही कमोडच्या मध्यापासून बाजूची भिंत वीस इंचाहून लांब असेल तर भिंतीवरच्या बारचा उपयोग कमी, अंग वाकडं करून धरावं लागतं, तिथेही फोल्डिंगच बघा.

आई घसरल्या त्या दाराकडे येऊ. आपल्या बाथरूमला ग्रॅनाईटचा उंबरा असतो आणि आतली फरशी इंच-दोन इंच खाली, म्हणजे ओला पाय वर उचलायचा, एका पायावर तोल, आणि समोर पायपुसणं जे स्वतःच सरकतं. इथे एक उभा बार लागतोच, फूट-दीड फुटाचा, मधला भाग त्यांच्या कोपराच्या उंचीवर. आत एक आणि बाहेर एक लावता आला तर उत्तम, कारण बाहेर पडताना शेवटचा पाय आत असतो आणि हात बाहेर गेलेला असतो. चौकटीवर लावणार असाल तर चौकट लाकडी आणि भक्कम आहे का बघा, पत्र्याच्या किंवा पीव्हीसीच्या चौकटीवर अजिबात नको. दार आत उघडतं का? मग माणूस आत पडला तर दाराला अडूनच पडतो आणि बाहेरून ढकलता येत नाही. बाहेर उघडणारं करून घेता आलं तर घ्या, नाहीतर किमान आतली कडी काढून बाहेरून नाण्याने उघडता येईल असं लॅच बसवा. पायपुसणं रबरी पाठीचं.

आंघोळीला त्या पाटावर बसतात का प्लास्टिकच्या छोट्या स्टुलावर? तुम्ही लिहिलं नाहीये, पण बादली-मग असणार असं धरते. झिजलेल्या गुडघ्यांनी पाटावरून उठवेल असा बार कुठल्याही दुकानात नाही. 16-17 इंच उंचीची, रबरी बूट असलेली, दोन्ही बाजूला हात असलेली आंघोळीची खुर्ची घ्या, पाऊल पूर्ण टेकलं पाहिजे एवढंच बघा. साधं हलकं प्लास्टिकचं स्टूल नको, उठताना त्यावर जोर दिला की ते ओल्या फरशीवर मागे पळतं. मग बादली फार खाली राहते ना, वाकावं लागतं, तर बादली पण एका बुटक्या चौरंगासारख्या स्टुलावर ठेवा आणि तिथेच नळाखाली भरू द्या, किंवा सरळ हँड शॉवर लावून घ्या. बार या खुर्चीच्या बाजूच्या भिंतीवर, तोच नियम, बसल्या जागेच्या थोडा पुढे, उभा. तुमची बाथरूम सात बाय साडेचार आहे म्हणजे कमोडचा बार आणि आंघोळीचा बार यात फार अंतर पडणार नाही, मधे एक दोन फुटी आडवा टाकला तर हात न सोडता दारापर्यंत येता येईल. काचेचं पार्टिशन असेल तर त्याला बार नाहीच, आणि धरायचंही नाही हे आईंना सांगा.

आता भिंत, म्हणजे तुमच्या प्लंबरचा मुद्दा. टाईल फुटते ती घाईने फुटते. भोक पाडायच्या जागी मास्किंग टेप, टाईलचं वेगळं बिट, हॅमर मोड बंद, हळू स्पीड, टाईलच्या कडेपासून इंचभर तरी आत. टाईल पार होईपर्यंत हॅमर लावायचाच नाही. त्याआधी नाण्याने टाईल वाजवून बघायची. आमच्याबरोबर येणारे फिटर काका आधी अख्खी भिंत वाजवत जातात, भरीव आवाज आला की पुढे, पोकळ आला की ती टाईल सोडून देतात, मग मी कितीही म्हटलं की मला बार इथेच हवा तरी ऐकत नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं.

गळतीबद्दल: जमिनीपासून दोन फूट वर, नीट सिलिकॉन भरून घेतलेल्या भोकातून खालच्या फ्लॅटमध्ये पाणी सहसा जात नाही, ते जातं फरशीच्या सांध्यातून, पाणी जायच्या जाळीखालच्या ट्रॅपच्या बाजूने, नाहीतर पाईपच्या जोडातून. भोकात आधी सिलिकॉन, मग गिट्टी (स्क्रू पकडून ठेवणारा प्लग), आणि बारच्या गोल पट्टीमागे परत सिलिकॉन. खरी भीती आहे ती भिंतीतल्या कन्सील्ड पाईपला ड्रिल लागण्याची. नळ, डायव्हर्टर (नळ-शॉवरकडे पाणी वळवणारा कॉक), गिझरचे पॉईंट यांच्या सरळ वर, सरळ खाली आणि एकमेकांना जोडणाऱ्या आडव्या रेषेत पाईप असतात असं धरून चालायचं आणि दोन्ही बाजूंना वीतभर जागा सोडायची. वायरिंगचं पण तसंच, गिझरच्या स्विचच्या रेषेत ड्रिल नाही. बिल्डरकडे ड्रॉइंग मागा, नाही मिळालं तर तुमच्याच बिल्डिंगमध्ये त्याच लाईनमध्ये वर-खाली कुणाचं बाथरूमचं काम निघालेलं असेल तर भिंत उघडी असताना फोटो काढून आणा, सगळे पाईप दिसतात. कमोड भिंतीत बसवलेला असेल, ज्याची टाकी आत असते, तर त्या मागच्या भिंतीला हात लावू नका.

पण सगळ्यात जास्त बार निखळतात ते वेगळ्याच कारणाने. बॉक्समध्ये बारसोबत जे स्क्रू येतात ते दीड इंची असतात. टाईल, तिच्या मागचा सिमेंटचा किंवा केमिकलचा थर, त्यामागे प्लास्टर, असं मिळून दीड इंच तर तिथेच संपतं. म्हणजे स्क्रू विटेपर्यंत पोचलेलाच नसतो, बार नुसता टाईलला लटकलेला, आणि एक दिवस टाईलसकट हातात. निदान तीन-साडेतीन इंची, स्टेनलेस स्टीलचे स्क्रू आणि तेवढीच गिट्टी, ते पिवळे स्क्रू नकोत, गंजतात. तुमची बिल्डिंग नवीन आहे म्हणता, म्हणजे भिंत एएसी ब्लॉकची, म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंटच्या ठोकळ्यांची, असू शकते किंवा मायवानची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटची. ड्रिलमधून काय पडतं बघा, लाल भुसा म्हणजे वीट, पांढरा-राखाडी मऊ भुसा आणि ड्रिल भसकन आत गेलं म्हणजे एएसी, आणि घाम फुटला म्हणजे काँक्रीट. काँक्रीटला अँकर फास्टनर (भोकात फुलून घट्ट बसणारा बोल्ट) बिनधास्त. विटेला लांब गिट्टी चालते, चार इंची भिंत असेल तर आरपार जाऊ नये एवढं सांभाळायचं. एएसीमध्ये मात्र साधी गिट्टी भोकातच गोल फिरते, तिथे हॅमर पूर्ण बंद ठेवून एएसीसाठीचे वेगळे लांब प्लग किंवा केमिकल अँकर (भोकात केमिकल भरून चिकटवलेला बोल्ट), आणि केमिकल सुकायला पाकिटावर जेवढा वेळ लिहिलाय तेवढा पूर्ण द्यायचा. चार इंची एएसी भिंतीच्या पलीकडे तुमचीच बेडरूम असेल तर मी सरळ आरपार बोल्ट टाकून पलीकडून स्टीलची पट्टी लावायला सांगते, दिसायला बरं नाही, एखादं कॅलेंडर लावा त्यावर, पण तो बार मग हलत नाही.

बसवल्यावर दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः, घरातलं जे सगळ्यात जड माणूस असेल त्याने, पूर्ण वजन टाकून ओढून बघा, खाली पण आणि भिंतीपासून बाहेर पण. एडीएमध्ये 250 पौंड म्हणजे साधारण 113 किलोचा भार धरलाय. पट्टी केसभरही हलली तर आईंना त्याला हात लावू देऊ नका, काढून परत बसवा.

बार घेताना 304 ग्रेडचं स्टील मागा. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवेल की बघा चिकटत नाही, पण 202 हा स्वस्तातला ग्रेड पण चिकटत नाही, त्यामुळे त्या जादूला काही अर्थ नाही, बिलावर ग्रेड लिहून घ्या. मुंबई-कोकणात खाऱ्या हवेत 316 मिळालं तर आणखी बरं. जाडी 32 मिलिमीटरची, त्यांचा हात लहान असेल, बोटं जवळजवळ अंगठ्याला भेटली पाहिजेत. भिंत आणि बार यामध्ये दीड इंच जागा, जास्त मोकळी जागा चांगली असं वाटतं पण नाही, घसरताना अख्खा हात आत जाऊन अडकतो आणि मोडतो. आरशासारखा चकचकीत बार साबणाच्या हाताला निसटतो, त्यापेक्षा मॅट किंवा खरखरीत पकडीचा. आणि पांढऱ्या टाईलवर पांढरा बार मोतीबिंदूच्या डोळ्यांना दिसतच नाही, गडद घ्या, नाहीतर घेतलेल्यावर रंगीत ग्रिप टेप गुंडाळा. रात्री बेडपासून बाथरूमपर्यंत सेन्सरचा छोटा दिवा, दिसलाच नाही तर बारचा काय उपयोग. आणि बाई फरशी ॲसिडने धूत असेल तर ते बारवर उडू देऊ नका, स्टेनलेस म्हणतात तरी ठिपके ठिपके गंज धरतो.

राहिलं आईंचं, "मला काही नको, घराचं हॉस्पिटल करू नका" हे. हे जवळजवळ प्रत्येक घरात ऐकते. त्यांना पटवत बसू नका, आधी फक्त दारातला एक बार लावा, तिथे त्या घसरल्यात, त्याला त्या नाही म्हणणार नाहीत, बाकीचे मग आपोआप मागतात. आणि एक नक्की होणार, महिन्याभरात त्या बारवर ओला पंचा, परकर आणि वाळत घातलेली दोन फडकी दिसतील, म्हणजे धरायच्या वेळी हातात कापड येणार आणि कापडासकट हात घसरणार. म्हणून बार लावायच्या दिवशीच फिटरकडून दाराच्या मागे चार चांगले हुक आणि एक वेगळा टॉवेल रॉड लावून घ्या, ड्रिल बाहेर काढलेलंच असतं.